संशोधनाची उसनवारी

ग्रामीण विदर्भातून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी केली, तर कापूस, सोयाबीन, संत्री, कोळसा, तेंदूपत्ता यांच्या जोडीला आणखी एक जिन्नस लिहावा लागतो. माहिती. यवतमाळ-वाशीमच्या कोरडवाहू गावांतून मातीचे नमुने जातात, कर्जाचे आकडे जातात. मेळघाटातून मुलांची वजनं आणि दंडाचे घेर जातात. गडचिरोली-चंद्रपुरातून रक्ताचे थेंब, हातपंपाचं पाणी, गोंडी आणि माडिया गाण्यांची ध्वनिमुद्रणं जातात. कापूस जिनिंगवर नेला तर निदान काटापट्टी हातात पडते. माहितीची पोच कोणी देत नाही, आणि तिचं पुढे काय झालं हे सांगायला परत येणारा संशोधक विरळा.

निष्कर्ष गावात परत नेणं हे समाजकार्य नाही आणि संशोधकाचा मोठेपणाही नाही. नमुना निवडणं, मोजणं, विश्लेषण करणं, लिहिणं यांच्याइतकाच तो संशोधनाचा एक टप्पा आहे. तो झाल्याशिवाय पीएचडीचा प्रबंध स्वीकारू नये आणि प्रकल्पाचा शेवटचा हप्ता सोडू नये. याचं नैतिक कारण उघड आहे. आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. पण इथे नैतिकतेपेक्षा वेगळं कारण पुढे ठेवायचं आहे. गावात परत न जाणारं संशोधन बऱ्याचदा चुकलेलं असतं, आणि ते चुकलंय हे कळायची वाटच बंद झालेली असते.

प्रश्नावलीपासून बघू. 'गेल्या आर्थिक वर्षात कापसाचं हेक्टरी उत्पादन किती?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सर्वेक्षणात असतो. कास्तकार हेक्टरात मोजत नाही, एकरात मोजतो. त्याचं वर्ष एप्रिलला सुरू होत नाही, मृगाला सुरू होतं आणि उलंगवाडीला, म्हणजे कपाशीची शेवटची वेचणी झाली की, संपतं. कापूस डिसेंबरात वेचला, घरात भरून ठेवला, भावाची वाट पाहत मे महिन्यात विकला, तर पीक एका आर्थिक वर्षात पडतं आणि पैसा दुसऱ्या. शिवाय 'उत्पादन' म्हणजे वेचलेलं की विकलेलं? किराण्यासाठी, दवाखान्यासाठी अर्धा-पाऊण क्विंटल खेडा खरेदीवाल्याला दिलेला असतो, त्याची कुठेच नोंद नसते. समोरचा माणूस पाहुण्याचा मान राखून एक आकडा सांगतो. तो आकडा संगणकात गेला की त्याला दोन दशांश स्थळं फुटतात आणि तो फार खरा दिसू लागतो.

फवारणीच्या खर्चाचंही तेच. कृषी केंद्रातून औषध उधारीवर येतं, हिशेब कापूस विकल्यावर होतो, तेव्हा 'कीटकनाशकावर किती रुपये?' या प्रश्नाला खरं उत्तर देणं ऑगस्टात शक्यच नसतं. किती फवारण्या झाल्या, दर फवारणीला एकरी किती पंप लागले, पंपाला किती टोपणं टाकली, असं विचारलं तर उत्तर बरोबर येतं. रुपये नंतर दुकानातल्या भावावरून काढता येतात. हे ज्याला माहीत आहे तो प्रश्नावली तशी लिहितो. ज्याला माहीत नाही त्याला ते सांगणार कोण? आकडे काढून झाल्यावर तो गावात आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, 'तुमच्याकडे कापसाचा एकरी खर्च एवढा निघाला', तर पहिलाच माणूस विचारेल, 'यात वखरणी-डवरणी धरली का? घरच्या बैलांची?' परीक्षकांच्या समितीत हा प्रश्न सहसा निघत नाही.

कधी जायचं हाही पद्धतीचाच भाग, पण पद्धतीच्या पुस्तकात तो नसतो. पश्चिम विदर्भात जूनचा दुसरा आठवडा ते जुलैची अखेर पेरणी आणि डवरणीत जाते, ऑक्टोबर ते डिसेंबर बायका वेचणीला असतात. त्या दिवसांत दुपारी घरी सापडतात ते म्हातारे, आजारी आणि शेतावर जायची गरज नसलेले. पूर्वेकडे धानाच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्ट रोवणीचे, मार्च-एप्रिल मोह वेचायचे, मे तेंदूपत्त्याचा. म्हणजे उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन गडचिरोलीत सर्वेक्षण करायचं ठरवलं तर जंगलावर जगणारं कुटुंबच नेमकं नमुन्यातून गळतं, आणि अहवालात वनोपजाचं उत्पन्न कमी दिसतं. पुढे कोणी तरी त्यावरून धोरण सुचवतं.

माती तरी खोटं बोलत नाही, असं वाटतं. माती बोलत नाही हे खरं, पण ती कुठून उचलली यावर सगळं अवलंबून असतं. नमुना घ्यायची रीत कृषी सहायकापासून पदव्युत्तर विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांना पाठ असते. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडायची, वरचा पालापाचोळा बाजूला करून वीसेक सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची काप काढायची, सगळी माती घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, जनावरं बसतात ती जागा, नुकतंच खत दिलेलं शेत टाळायचं. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी फावडं आणि जस्ताची बादली वापरायची नाही, नाही तर जमिनीत नसलेलं जस्त अहवालात येतं.

एवढं पाळूनही चूक होते ती नमुन्याच्या जागेत. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण म्हणजे गुडघाभर चिखल, गाडी आत जात नाही. मग डांबरी सडकेला लागून असलेल्या शेतांतून पिशव्या भरतात. सडकेची शेतं बहुधा बऱ्या परिस्थितीतल्या माणसांची असतात, आणि त्यांत खतंही जास्त पडलेली असतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बारा घटक तपासायचे ठरले, ते चांगलंच. पण कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना, हे विदर्भाच्या उंचसखल शिवाराला बसत नाही. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. एवढ्या तुकड्यात टेकडीकडे मुरमाड बरड असते, मधे मध्यम जमीन, आणि नाल्याकाठी कमरेएवढी खोल भारी काळी. नमुना एक, पत्रिका पाच-सहा जणांच्या नावावर. बरडवाल्याला भारी जमिनीची शिफारस मिळाली तर तो ती पत्रिका घडी करून सात-बाराच्या पिशवीत ठेवून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

शिफारस बरोबर असली तरी ती ज्या भाषेत येते ती वापरायची नसते. समजा, लिहिलं आहे: नत्र हेक्टरी ६० किलो. दुकानात नत्र मिळत नाही, युरिया मिळतो. हेक्टरी ६० म्हणजे एकरी २४. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एकरी साधारण ५२ किलो युरिया. पोतं ४५ किलोचं, तेव्हा एक पोतं आणि वर सात किलो. पेरताना डीएपी खत दिलं असेल तर त्यातलं १८ टक्के नत्र यातून वजा करायचं, आणि उरलेला युरिया एकदम न देता ओल बघून विभागून द्यायचा. ही दोन मिनिटांची आकडेमोड आहे. पण ती करून देणं हे संशोधकाला आपलं काम वाटत नाही, विस्तार अधिकाऱ्याला वेळ नसतो, आणि शेवटी ती कृषी केंद्राचा मालक करतो, आपल्या गोदामात काय पडून आहे ते बघून.

परतीचा रस्ता नसल्याची सर्वांत महागडी किंमत विदर्भाने गुलाबी बोंडअळीत मोजली आहे. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होईल असा जनुक घातलेल्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हाच अट होती की शेताच्या कडेला बिगर-बीटी कापूस लावायचा, पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम साधी सरकी वेगळी येत असे. यामागचं शास्त्र सोपं आहे. बीटीवर जगून वाचलेले मोजके पतंग एकमेकांशीच जुळले तर पुढची पिढी बीटीला दाद देत नाही. साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर पतंग आसपास असले तर वाचलेल्यांची जोडी बहुतेक त्यांच्याशी जमते, आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. शिवाय हिरव्या बोंडअळीला तूर आहे, हरभरा आहे, तिचा आसरा शिवारात आपसूक असतो. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी ती साधी सरकीच आसरा होती.

बहुतांश शेतकऱ्यांनी ती लावली नाही. अज्ञानामुळे, असं म्हणून विषय संपवला जातो. खरं तर पाच एकरवाल्याला एक एकर अळीसाठी सोडायला सांगितलं जात होतं, त्याचा फायदा सगळ्या शिवाराला आणि तोटा त्याच्या एकट्याला, आणि शेजाऱ्याने लावली नाही तर त्याच्या एकट्याच्या लावण्याला अर्थही उरत नव्हता. हा एका शेतकऱ्याचा निर्णय नव्हताच, गावाचा होता. गावाने बसून ठरवावा लागला असता, की या वर्षी आसऱ्याच्या ओळी या बांधाकडच्या पाच जणांनी घ्यायच्या आणि बाकीच्यांनी त्यांना भरपाई द्यायची. पण ग्रामसभेत ही गोष्ट मांडायची कल्पनाच कोणाला सुचली नाही, कारण नियम पाकिटावर छापला होता आणि छापलं म्हणजे सांगितलं असं समजलं गेलं. त्यात लांब कालावधीचे संकरित वाण आणि मार्चपर्यंत चालणारी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उत्पन्नासाठी शेतात ठेवलेली कपाशी. अळीला वर्षभर खाणं मिळालं. २०१७ च्या हंगामात बोंडं फोडली की आत अळी, हे दृश्य सगळ्या वऱ्हाडाने पाहिलं. पुढे साधी सरकी पाकिटातच मिसळून द्यायची पद्धत आली. म्हणजे शेतकऱ्याला समजावणं जमलं नाही म्हणून त्याला विचारायची गरजच काढून टाकली. तांत्रिक तोडगा म्हणून ठीक. संशोधक आणि गाव यांच्यातल्या नात्याचा दाखला म्हणून मात्र तो बोचतो.

२०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. पंपाचा हिशेब इथे जिवाशी येतो. शिफारस हेक्टरी ५०० लिटर पाणी धरून लिहिलेली असते. म्हणजे एकरी २००, पंधरा लिटरचे साधारण तेरा पंप. हेक्टरी ५०० मिली औषध असेल तर पंपाला १५ मिली पडतात. पीक लहान असताना सात-आठ पंपांतच एकर भिजतो, तेव्हा टोपणभर औषधाचा हिशेब वेगळा. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी फार कमी लागतं, म्हणून त्याच्या टाकीत मात्रा तिप्पट घ्यायला सांगतात. ते पाणी तिपटीने जहाल असतं, आणि छातीएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत, वाऱ्याच्या तोंडाला, उघड्या अंगाने चालणाऱ्या मजुराच्या अंगावर ते कसं येतं, हे प्रयोगक्षेत्रावरच्या दोन फूट उंच कपाशीत कळत नाही. निष्कर्ष घेऊन कोणी सप्टेंबरात शेतात आलं असतं तर त्याला ते दिसलं असतं.

आरोग्याच्या संशोधनात परतीचं काम नाजूक होतं, आणि त्याची चूक घरं मोडू शकते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याची गावपातळीवरची तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी चाचणी. दोन मिली द्रावणात बोटातून काढलेलं वीस मायक्रोलिटर रक्त टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसतात का बघायचं. दिसल्या नाहीत, द्रावण गढूळ झालं, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण वाहकाचं, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेल्याचं, रक्तही गढूळ करतं आणि रुग्णाचंही. दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांशिवाय कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, त्यामुळे तिथे ही चाचणी फसते. अंगात रक्त फारच कमी असेल तरीही फसते. आता शाळेत शिबिर झालं, 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द घरी गेला आणि पक्की तपासणी जिल्ह्याच्या फायलीत राहिली, तर निरोगी वाहक मुलगी गावाच्या लेखी आजारी ठरते. चार वर्षांनी तिच्या लग्नाच्या बोलणीत तो शब्द वर येतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं उद्दिष्ट २०४७ पर्यंतचं आहे, तपासण्या मोठ्या संख्येने होणार. प्रत्येक गढूळ नळीमागे पक्का निकाल घरी पोचला का, हा आकडा तपासण्यांच्या आकड्याइतकाच ठळक छापला गेला पाहिजे.

पाण्याचं त्यापेक्षा सोपं. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा, काचेच्या नाही. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. एक मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर लिटरला दीडपर्यंत चालवून घेता येतं. हे मोजून शोधनिबंध छापून झाल्यावर मर्यादेबाहेर गेलेल्या हातपंपाला लाल रंग द्यायला अर्धा लिटर ऑइलपेंट लागतो. एवढंच.

विदर्भात संशोधन संस्थांची वाण नाही, म्हणून हे जास्त खुपतं. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था दोन्ही १९७६ पासून आहेत. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ चं, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. शिवाय नागपूर, अमरावती, गडचिरोली इथली पारंपरिक राज्य विद्यापीठं. कृषी विद्यापीठांना निदान शिवार फेरी, कृषी विज्ञान केंद्रं, दरवर्षीची शिफारसपुस्तिका अशी काहीतरी परतीची सवय आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा, लोककला यांना तेवढीही नाही.

भाषेचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिथे नुकसान कोणाला दिसत नाही. विदर्भ हा भाषांच्या अभ्यासकाला हेवा वाटावा असा मुलूख आहे. मराठीच्या वऱ्हाडी आणि झाडीबोली, द्राविडी कुळातल्या गोंडी, माडिया, कोलामी, मुंडा कुळातली मेळघाटची कोरकू, आणि बुलडाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली, जिचं कुठल्याच ज्ञात कुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही. इतकं एका प्रदेशात. अभ्यासक येतो, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो, शहरात नेऊन कोणाला तरी टंकलेखनाला देतो. टंकलेखन करणारा शाळेत शुद्धलेखन शिकलेला असतो. म्हातारीने 'डोया' म्हटलेलं तो 'डोळा' लिहितो, 'केयं'चं 'केळं' करतो. त्याला वाटतं आपण चूक दुरुस्त केली. ज्या ध्वनीसाठी सगळा प्रवास केला तोच पुसला गेला. हे लिखाण म्हातारीच्या नातवाला वाचायला दिलं असतं तर पहिल्या ओळीत तो म्हणाला असता, 'आजी अशी बोलत नाही.'

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत चार गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्यायचं. तासाला साधारण अर्धा जीबी जागा लागते, ती आज कोणालाही परवडते. पंखा बंद, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर. फाइलच्या नावात तारीख, गाव, टोला म्हणजे वस्ती. सोबत एका कागदावर बोलणाऱ्याचं वय, मातृभाषा, कोणाला ऐकवायची परवानगी आहे आणि कोणाला नाही. दंडार किंवा खडीगंमतीसारखं लोकनाट्य असो की पूजेतलं गाणं, काही गोष्टी बाहेर नेऊ नयेत असं गाव म्हणू शकतं, आणि ते लिहून घ्यायची जागा त्या कागदावर असायला हवी. आणि एक प्रत गावात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी 'ड' वर्गाची ग्रंथालयं पुष्कळ गावांत आहेत, नसेल तिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. पैसा येईल, प्रकल्प निघतील. बोलींची ध्वनिमुद्रणं पुन्हा कोणाच्या तरी कपाटातल्या हार्डडिस्कमध्ये जाणार असतील, तर अभिजातपणाचा उपयोग कपाटालाच.

मग संशोधक परत का जात नाही? आळस हे उत्तर सोपं आणि बरंचसं अन्यायाचं आहे. त्याला ज्याचे गुण मिळतात ते तो करतो. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांच्या गुणांशी बांधलं, त्यातून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली, त्यांना आवरायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी आली, आणि ती यादीही २०२५ मध्ये रद्द झाली. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये घालून सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली केली आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयाला त्याचा फायदा होऊ शकतो, योजना चांगली आहे. तरी गंमत पाहा. शिवारातली माहिती परदेशी प्रकाशकाकडे गेली आणि ती वाचायला देशाने वर्गणी भरली. शिवार अजून साखळीत कुठेच नाही.

होऊ शकतं, हे विदर्भातच दिसलेलं आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला, तुलनेला ४७ गावं ठेवली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे. २०११ मध्ये ती पद्धत देशाच्या आशा कार्यक्रमात, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांच्या कामात, गेली. शोधनिबंध मोठा होताच. पण त्यातलं ज्ञान सुरुवातीपासून गावातल्या बाईच्या हातात मावेल असं घडवलेलं होतं. श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, धोक्याची लक्षणं ओळखणं. ती बाई जिथे अडली तिथे पद्धत बदलावी लागली. परतफेड वेगळी करावी लागली नाही, कारण शोध आणि परत देणं एकाच वेळी चाललं होतं. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट बसवून जंगलाचा अभ्यास स्वतः केला, आणि २००९ मध्ये १,८०९ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक बौद्धिक हक्कही वननिवासी समुदायांना दिलेला आहे, हे औषधी वनस्पतींवर प्रबंध लिहिणाऱ्या किती जणांना त्यांच्या मार्गदर्शकाने सांगितलं असेल?

करायचं काय, ते आता नेमकं सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएचडीआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. ती जागा रिकामी आहे. विदर्भातल्या विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी ठरवावं, की ज्या प्रबंधात गावातून माहिती, नमुने किंवा ध्वनिमुद्रणं घेतली आहेत, त्याला एक परिशिष्ट बंधनकारक राहील: 'गावात परत गेल्यावर काय बदललं'. दोन पानं पुरेत. कुठल्या तारखेला कुठे बसलो, कोणते तक्ते वाचून दाखवले, लोकांनी काय खोडलं, त्यातलं काय स्वीकारलं, काय नाही आणि का. सोबत गावाला दिलेलं मराठी टिपण, चार पानांच्या आत, एकर, पोतं, पंप, पायली अशा मापांत. गोंडी किंवा कोरकू गावात ते तोंडी त्याच भाषेत. टिपणात तीन रकाने: पक्कं कळलेलं, अंदाज, आणि न कळलेलं. तिसरा रकाना भरायला विद्वानाला फार जड जातं, पण लोकांचा विश्वास त्यावरच बसतो. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने या परिशिष्टावर निदान एक प्रश्न विचारायचा. खर्च म्हणाल तर दोन मुक्काम, गाडी आणि छपाई. विद्यार्थ्यासाठी तो मोठा आहे, म्हणून शिष्यवृत्तीच्या आकस्मिक निधीत त्याचा वेगळा धरलेला हिस्सा असावा. लाखोंच्या प्रकल्पांनी तर कारण सांगूच नये.

आक्षेप आहेत, आणि त्यातला एक खरा आहे. गावात निष्कर्ष वाचले की माणसं ओळखू येतात. कोलामांची तीनच घरं असलेल्या गावात 'कोलाम, दोन एकर, विधवा कुटुंबप्रमुख' ही ओळ म्हणजे नाव घेतल्यासारखीच. म्हणून पाचपेक्षा कमी घरं असलेला रकाना गावात दाखवायचा नाही, शेजारच्या रकान्यात मिसळायचा. रक्ताचा, आजाराचा, कर्जाचा निकाल फक्त त्या घरात, बंद पाकिटात, समजावून सांगून. आत्महत्याग्रस्त कुटुंबांकडून पुन्हा पुन्हा तीच कहाणी मागण्याऐवजी आधीच्या अभ्यासांचे आकडे आधी वाचावेत, आणि ते पुरेसे असतील तर त्या दारात जाऊच नये. दुसरा आक्षेप असा की गावचे पुढारी गैरसोयीचे निष्कर्ष दाबतील. दारूचा, मजुरीच्या दराचा, पाणवठ्याचा विषय असेल तर प्रयत्न नक्की होईल. म्हणून ग्रामसभेला निष्कर्ष अडवायचा अधिकार नसावा, उत्तर जोडायचा असावा. तिचं म्हणणं जसंच्या तसं परिशिष्टात जाईल, निष्कर्ष संशोधकाचाच राहील.

तिसरी भीती मला जास्त वाटते: याचीही कागदपूर्ती होईल. लोक जैवविविधता नोंदवह्यांचं, म्हणजे गावाने आपल्या झाडाझुडपांची, जीवांची आणि त्यांच्या ज्ञानाची ठेवायच्या नोंदींचं, काय झालं ते आठवावं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि नंतर महिन्याला दहा लाखांचा दंड ठरवला, आणि बऱ्याच नोंदवह्या घाईघाईत, बाहेरच्या माणसांकडून भरल्या गेल्या. सरपंचाचा शिक्का आणि हार घातलेला फोटो हा पुरावा मानला तर इथेही तेच होणार. म्हणून शिक्का मागूच नये. काय बदललं ते मागावं. ज्याने गावात जाऊन एकही आकडा दुरुस्त केला नाही, एकही प्रश्न नवा लिहून आणला नाही, तो बहुधा गेलेलाच नसतो, आणि ते दोन पानं वाचून कळतं.

राहिला तारखेचा प्रश्न. ग्रामसभा नेहमीच्या चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. मे महिन्यात पूर्व विदर्भ तेंदूपत्त्यावर, ऑगस्टात एकीकडे रोवणी आणि दुसरीकडे फवारणी, ऑक्टोबरात वेचणी सुरू झालेली. जानेवारी त्यातल्या त्यात बरा, पण त्या सभेत घरकुलाच्या यादीवरून इतका आरडाओरडा असतो की मातीच्या सामूचं, म्हणजे आम्ल-विम्लतेचं, कोणी ऐकणार नाही. तेव्हा सभेत फक्त तारीख जाहीर करावी, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी सातनंतर टोल्याटोल्यांत बसावं. बायकांची बैठक वेगळी, स्वयंपाकाच्या आधी.